हिलोमध्ये अळू

होनोलुलूला विमान बदलताना कुत्र्याने माझी पिशवी हुंगली
आणि शेजारी बसला, शहाण्यासारखा.
अधिकाऱ्याने विचारलं, ही पांढरी पूड कसली?
मी म्हटलं, ज्वारी. बार्शीची. मालदांडी.
दिगंबररावांनी इंग्रजीत सांगितलं, औषध आहे.
खोटं दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

हिलोचा समुद्र निळा, माड ओळखीचे,
आणि प्रत्येक ताटलीत तो काळा सोया सॉस.
कोण म्हणेल त्यात गहू असतो?
मासळीला तो, भाताला तो, फरसबीलासुद्धा तो.
वेटर पोरगा हसून म्हणतो, काळजी नको, यात ब्रेड नाही.
ब्रेड नाही रे बाळा. गहू आहे.
पर्समध्ये कागद आहे, सुनेने टाईप करून दिलेला,
घडीवर फाटत आलेला. त्यात 'कृपया' तीनदा आहे.
तो कागद घेऊन आत जातो. आतून हसण्याचा आवाज येतो.
माझ्यावरच हसले असतील असं नाही.
मी पपई मागवते.

चौथ्या दिवशी पपईचा वास सोसेना.
हॉटेलच्या खोलीत दोन शेगड्या, एक उथळ तवा.
ट्रेच्या पाठीवर भाकरी थापली,
पाणी फिरवलं, उलटली, आणि फुगते न फुगते तोच
छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं.
दिगंबरराव खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतायत,
मॅनेजर दार ठोठावतोय,
मी आधी भाकरी उतरवली.

माहेरी पोळी पाहुण्यांपुरती.
गव्हाचा डबा वरच्या फळीवर,
आम्ही पाचही भावंडं ज्वारीवर.
लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली,
नशीब काढलं पोरीने, रोज पोळीचं घर मिळालं.
तीस वर्षं रोज पोळी
आणि तीस वर्षं रोज पोटात कळ.
सासूबाई म्हणायच्या, सुख दुखतंय तुला.
बरोबरच होतं त्यांचं.
डॉक्टरांनी फक्त त्याचं नाव सांगितलं, सत्तावन्नाव्या वर्षी,
आणि आतड्याचा फोटो दाखवला :
पायपुसण्यासारखं काहीतरी, लव झिजलेलं.

आज बाजारात एक बाई भेटली. आंटी पुआ.
इथे वयाने मोठ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात,
आपण भाजीवालीला मावशी म्हणतो तसं.
तिच्यापुढे अळकुड्यांचा ढीग. मी लगेच ओळखल्या,
लग्नाच्या गर्दीत चुलतबहीण ओळखावी तशा :
लुगडं वेगळं, नाक तेच.
त्या उकडून, कुटून ती जांभळट लगदा करते. पोई म्हणतात.
मी कागद काढला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला,
तिन्ही 'कृपया'सकट.
मग काही न बोलता सुरी बदलली,
फळी उलटी केली, कोपरापर्यंत हात धुतले,
आणि शेजारच्या पाववाल्याला ओरडून
त्याचं टेबल हातभर सरकवायला लावलं.
मी नुसती उभी. डोळ्यांत पाणी यावं असं
काही घडलं नव्हतं.

तिने विचारलं, तुमच्याकडे याच्या पानांचं काय करतात?
म्हटलं, चिंच घालतो, नाहीतर घसा खाजतो.
ती म्हणाली, आम्ही तासन्‌तास उकडतो. घशासाठीच.
पोई जिभेवर ठेवली. कालच्या आंबिलीसारखी, आंबट, गार.
मीठ हवं होतं.

आत्ता रात्र आहे. दिगंबरराव बाल्कनीत
माझ्याकडे पाठ करून गोड पाव खातायत,
अंगावरचे कण एकेक झटकतायत.
चूळ भरल्याशिवाय आत येणार नाहीत.
मी त्यांना अजून सांगितलेलं नाही
की काचेच्या फटीतून मला वास येतो.
आणि तो मला आवडतो.